मरणाच्या कारणाचा रकाना

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

व्हिक्टोरिया राणीच्या आरंभीच्या काळातील वैद्यकाचा विषय निघाला की यादी ठरलेली असते: १८४६ चे ईथर, १८४७ चे क्लोरोफॉर्म, आणि १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढायला लावणारा डॉक्टर जॉन स्नो. यादी चुकीची नाही. परंतु त्या काळातील वैद्यकाची सर्वांत मोठी निर्मिती कोणती, असे मला विचारले तर मी एका सरकारी नोंदवहीतील एका रकान्याचे नाव घेईन: ‘मृत्यूचे कारण’. हे ना औषध, ना उपकरण. आणि तो रकाना कोणी व काय लिहून भरायचा यावरून जे भांडण पेटले, ते मला क्लोरोफॉर्मच्या कथेहून अधिक मोलाचे वाटते.

व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ जुलै १८३७ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली. कायदा आदल्या वर्षीचा, १८३६ चा. त्यापूर्वी नोंदी नव्हत्या असे नाही. पण त्या चर्चच्या वह्यांत असत आणि चर्चला कर्तव्य होते ते बाप्तिस्म्याशी व दफनाशी. जो त्या पंथाबाहेरचा, तो बहुधा त्या वहीबाहेरचाही. लंडनमध्ये मृत्यूंची साप्ताहिक पत्रके जुन्या काळापासून निघत; मात्र त्यांतील कारणे ठरवीत त्या चर्चने चार पैशांवर नेमलेल्या म्हाताऱ्या बायका. प्रेत पाहायचे आणि काय झाले ते सांगायचे, एवढेच त्यांचे काम.

नव्या कायद्याचा मूळ हेतूही आरोग्य नव्हता. वारसा आणि मालमत्तेचे हक्क सिद्ध करायला भरवशाचा कागद हवा होता. त्या कागदावर मृत्यूच्या कारणालाही जागा मिळावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत एडविन चॅडविक होता. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे हाच गृहस्थ या रकान्यावर चिडणार आहे.

नोंदणी खात्याचा पहिला प्रमुख टॉमस हेन्री लिस्टर हा कादंबरीकार होता, आणि गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल याचा मेहुणा. (सरकारी नेमणुकांविषयी आपण उगाच आजच्या काळाला दोष देतो.) परंतु १८३९ मध्ये या खात्यात एक नेमणूक अशी झाली की बाकी सारे माफ करावे: विल्यम फार. (आडनावच फार; तेव्हा या धाग्यात तो शब्द दुसऱ्या कोणत्याही अर्थाने वापरणार नाही.)

फार हा श्रॉपशरमधील गरीब शेतमजुराचा मुलगा. गावातील एका वृद्ध, सधन गृहस्थाच्या आधाराने शिकला, पॅरिसला जाऊन वैद्यक ऐकून आला, औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना मिळवला. विद्यापीठाची पदवी नाही. लंडनमध्ये दवाखाना थाटला, तो चालेना. म्हणून वैद्यकीय नियतकालिकांत लिहून गुजराण करी. अशा माणसाच्या हाती देशभरातील मृत्यूंच्या नोंदी आल्या.

१८३९ मध्ये खात्याचा पहिला वार्षिक अहवाल निघाला आणि त्याला फारने लिहिलेले एक पत्र जोडलेले होते. माझ्या मते हे पत्र म्हणजे त्या दशकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय लेखनांपैकी एक. त्याचे म्हणणे असे: एकाच रोगाला तीन-तीन, चार-चार नावे आहेत, आणि एकाच नावाखाली अनेक रोग दडलेले आहेत. पदार्थविज्ञानात वजनमापांना जे स्थान, तेच या विद्येत नावांना आहे. नावे पक्की नसतील तर मोजणी व्यर्थ.

हे कोरडे वाटेल, म्हणून घरचे उदाहरण घेऊ. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात उलट्या-जुलाबांनी काही तासांत माणूस नेणाऱ्या रोगाचे वर्णन आहे. आपल्याकडची ‘मोडशी’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशिम’ झाली, आणि फ्रेंचांनी ऐकीव साम्यावरून तिचे ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, करून टाकले. शिवाय पटकी आहे, महामारी आहे, जरीमरी आहे. आता सांगा, १५६३ ची मोडशी आणि १८१७ ची पटकी हा एकच रोग होता का? नुसत्या नावावरून कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. फारची अडचण नेमकी हीच होती. त्याच्या टेबलावर येणाऱ्या नोंदींत ‘वार्धक्य’ असे, ‘झटके’ असत, आणि अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा ‘ईश्वरी इच्छेने मृत्यू’ हा निकालही असे. त्याने रोगांची वर्गवारी तयार केली आणि देशभरच्या निबंधकांना तीच वापरायला लावण्याचा नेट धरला.

आता भांडण. पहिल्या सहामाहीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर १८३७ मध्ये, सुमारे १,४८,००० मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ६३ मृत्यूंपुढे फारच्या तक्त्यात कारण होते: उपासमार.

त्रेसष्ट. एकूण आकड्यापुढे नगण्य संख्या. पण चॅडविकचा तिळपापड झाला. चॅडविक होता दारिद्र्य-कायदा आयोगाचा सचिव. १८३४ च्या त्या नव्या कायद्याचे तत्त्व असे की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने श्रमगृहात दाखल व्हावे. बाहेर मदत मिळणार नाही. या कायद्याच्या राज्यात कोणी उपाशी मेला असेल तर कायदाच आरोपी ठरतो. चॅडविकने या मृत्यूंचा तपशील मागवला, चौकशी केली, आणि प्रतिपादन केले की यांतील अनेक जण आईचे दूध न मिळालेली अर्भके होती, कोणी दारूडे होते, कोणी थंडीने गारठून गेले. खऱ्या अर्थाने भुकेने मेलेले जवळजवळ नव्हतेच. फारने माघार घेतली नाही. त्याचे उत्तर असे की वहीत दिसते त्याहून अधिक माणसे भूक मारते; परंतु ती एकटी क्वचितच मारते. ती शरीर पोखरते आणि मग ताप किंवा जुलाब येऊन काम उरकतात. नोंद होते तापाची.

मेळघाटातील बालमृत्यूंवर गेली तीसेक वर्षे जो वाद चालला आहे, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना हा पत्रव्यवहार ओळखीचा वाटेल. मूल कुपोषणाने गेले की न्यूमोनियाने? दोन्ही उत्तरे वैद्यकीयदृष्ट्या खरी असू शकतात. पण एका उत्तराने जबाबदारी जंतूवर जाते, दुसऱ्याने शिधावाटपावर आणि रोजगारावर. आणि हा वादही पुढची गोष्ट झाली. आधी कारण लिहिले तरी गेले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते असे एक चतुर्थांशही नव्हते.

या वादात मी फारच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. तरीही चॅडविकला खलनायक ठरवणे मला पटत नाही. त्याच्या १८४२ च्या अहवालाने, ‘ग्रेट ब्रिटनमधील श्रमिक लोकसंख्येची आरोग्यस्थिती’, साऱ्या देशाला हादरवले. त्यातील एक तुलना पाहा. मृत्यूसमयीचे सरासरी वय लिव्हरपूलमध्ये उच्चवर्गीयांचे ३५, व्यापाऱ्यांचे २२, मजुरांचे १५. ग्रामीण रटलंडमध्ये हेच आकडे ५२, ४१ आणि ३८. म्हणजे खेड्यातील मजूर शहरातील श्रीमंतापेक्षा अधिक जगत होता. (सावध: ‘मजूर पंधराव्या वर्षी मरत’ असा अर्थ मात्र काढू नका. तान्ह्या मुलांचे मृत्यू धरून काढलेली ही सरासरी आहे, आणि वस्तीत मुले जास्त असतील तर ती आणखी खाली येते. समकालीन संख्याशास्त्रज्ञांनी यावर टीका केली होती आणि ती योग्य होती.) तथापि चॅडविकने कारण शोधले ते घाणीत. मजुरीचा दर आणि ताटातील भाकर यांकडे त्याने पाहिलेच नाही असे नव्हे, पण गटार बांधणे हे पगार वाढवण्यापेक्षा त्याच्या तत्त्वज्ञानाला सोपे जाणारे होते.

त्या तत्त्वज्ञानाची किंमत पुढे मोजावी लागली. दुर्गंधी हाच रोग, अशी चॅडविकची आणि त्या काळच्या बहुतेक विद्वानांची श्रद्धा. तेव्हा घरांखालचे मैलाखड्डे रिकामे करून, मोऱ्या धुऊन, सारे काही थेम्सच्या पात्रात सोडण्यात आले. घरांतली दुर्गंधी कमी झाली. लंडनचा मोठा भाग त्याच थेम्सचे पाणी पीत होता. १८४८–४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे कॉलऱ्याने मेली. इंग्लंड-वेल्स मिळून सुमारे ५३,०००.

इथे जरा मागे जाऊ. १८१७ मध्ये हा रोग बंगालमधील जेसोरहून पसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, खडकीची लढाई झाली त्याच महिन्यात, पेंढाऱ्यांवर आणि मराठ्यांवर चालून निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत तो शिरला आणि काही दिवसांत हजारो माणसे गेली. नेमकी किती? पगारपटावरचे शिपाई मोजता आले. पण त्यांच्याहून कितीतरी अधिक असलेले बाजारबुणगे, मोतद्दार, हमाल, त्यांची बायकापोरे यांचा केवळ अंदाजच करता आला. ज्यांची नावे पटावर नव्हती ती मरणातही पटाबाहेर राहिली. १८३१–३२ मध्ये कॉलरा इंग्लंडात पोहोचला तेव्हा तेथेही अशी नोंदवही नव्हती. १८४८–४९ ची साथ ही त्या देशात अशा वहीने मोजलेली पहिली.

या मोजणीतून फारने काय काढले? १८५२ मध्ये त्याने लंडनचा जो अहवाल छापला त्यात एक देखणा नियम होता: थेम्सच्या भरतीरेषेपासून वस्ती जितकी उंच, तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. वीस फुटांखालच्या वस्त्यांत दर दहा हजारांमागे शंभराच्या आसपास मृत्यू. वर चढत जावे तसा आकडा घसरत जाई. फारचा निष्कर्ष: नदीकाठी विषारी हवा दाट असते आणि उंचीवर ती विरळ होते.

आकडे खरे, अर्थ खोटा. सखल वस्त्या नदीच्या घाण टप्प्याचे पाणी पीत होत्या.

जॉन स्नोने ऑगस्ट १८४९ मध्येच तीसेक पानांची एक पुस्तिका काढली होती. त्याचा तर्क साधा होता: कॉलरा फुफ्फुसांत नव्हे, आतड्यांत सुरू होतो, तेव्हा विष हुंगले जात नाही, गिळले जाते. ‘लंडन मेडिकल गॅझेट’च्या परीक्षणकर्त्याने हे सिद्ध होत नाही असे सांगून एक कसोटीच घालून दिली. जिथे कॉलरा नाही अशा दूरच्या ठिकाणी ते पाणी न्यावे; पिणारे सारे आजारी पडावेत आणि न पिणारे वाचावेत; मग मानू. वैज्ञानिक टीका कशी असावी याचा हा उत्तम नमुना आहे. आणि असा प्रयोग कोणी करणार नाही, ही खात्रीही त्यामागे असावी.

प्रयोग झाला. ९ सप्टेंबर १८५४ च्या साप्ताहिक मृत्युपत्रकात एक ओळ होती: हॅम्पस्टेड भागात २ सप्टेंबरला वारलेली, ५९ वर्षांची, बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्या कारखानदाराची विधवा, दोन तास जुलाब, सोळा तास कॉलरा. हॅम्पस्टेड म्हणजे लंडनची उंच टेकडी. फारच्या नियमाप्रमाणे निर्धोक. स्नोने तिच्या मुलाकडे चौकशी केली. बाई कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकल्या नव्हत्या. पण त्यांना तिथल्या पंपाचे पाणी आवडे, म्हणून रोज गाडीवानाबरोबर एक बाटली मागवीत. ३१ ऑगस्टला आलेले पाणी त्या प्याल्या. भेटीस आलेली भाचीही प्याली; ती इझलिंग्टनला परतून तिथे वारली. हॅम्पस्टेडच्या त्या भागात किंवा भाचीच्या वस्तीत तेव्हा कॉलरा नव्हता.

पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला तेव्हा साथ ओसरत आलेलीच होती. हे स्नोने स्वतः लिहून ठेवले आहे. तरी शाळेच्या पुस्तकांना दांडाच हवा असतो. मला हवी आहे ती हॅम्पस्टेडची ओळ. कोणा निबंधकाने ती कशासाठी लिहिली हे त्याला ठाऊक नव्हते आणि छापणाऱ्या फारला ती स्वतःच्या नियमाविरुद्ध जाते याची चिंता नव्हती.

स्नोचा खरा मोठा प्रयोग थेम्सच्या दक्षिणेला झाला, आणि त्याची ठिणगीही याच खात्यातून पडली. १८५३ च्या अखेरीस फारने कॉलऱ्याचे मृत्यू पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्यांनुसार मांडून दाखवले. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा शहराच्या वर, थेम्स डिटनला हलवली होती. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीला, शहराची घाण मिसळलेल्या टप्प्यातूनच पाणी घेत राहिली. दोघींचे नळ एकाच गल्लीतून गेलेले. एका घरात एकीचे पाणी, शेजारी दुसरीचे. श्रीमंत-गरीब, उंच-सखल, हवा, सारे सारखे. जवळपास तीन लाख माणसे स्वतःच्या नकळत दोन गटांत वाटली गेली होती.

स्नोने मृतांचे पत्ते नोंदणी खात्याकडून घेतले आणि दारोदार हिंडला. भाडेकरूंना कंपनीचे नाव ठाऊक नसे. मग तो घरातले पाणी बाटलीत घेई आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून त्यातील मीठ पाही. लँबेथच्या पाण्यात गॅलनमागे एक ग्रेनही मीठ नव्हते, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात सुमारे ३८ ग्रेन. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: सदर्क अँड व्हॉक्सहॉलची ४०,०४६ घरे, १,२६३ मृत्यू, लँबेथची २६,१०७ घरे, ९८ मृत्यू. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

एवढे काम एकट्याने संपणारे नव्हते. तेव्हा दक्षिण लंडनच्या सर्व निबंधकांना आज्ञा गेली की २६ ऑगस्टपासून कॉलऱ्याच्या प्रत्येक मृत्यूसोबत त्या घराचे पाणी कोणाचे हेही नोंदवावे. आज्ञा काढली फारने. आपलाच नियम मोडीत काढू शकेल असा पुरावा गोळा करण्यासाठी त्याने आपलीच यंत्रणा राबवली. त्या शतकात इतके सरळ वागणे मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे.

यावर कोणी म्हणेल की रकान्याने कोणाचा प्राण वाचवला? क्लोरोफॉर्मने निदान वेदना थांबवल्या. स्नोनेच १८५३ मध्ये राणीला बाळंतपणात तो दिला. आक्षेप रास्त आहे. वहीने कोणी बरा झाला नाही, आणि तीच वही फारला काही वर्षे चुकीच्या वाटेने घेऊन गेली. माझे म्हणणे इतकेच की ती वही दर आठवड्याला छापली जात होती. म्हणून फारची चूक फारच्याच आकड्यांनी दुसऱ्याला दाखवता आली. ६३ भूकबळींचा आकडा छापला गेला नसता तर चॅडविकला चिडायलाही कारण मिळाले नसते.

स्नोने १८५५ मध्ये वाढवलेली आवृत्ती काढली. तिच्यावर त्याचे दोनशेहून अधिक पौंड खर्च झाले. हाती आले ३ पौंड १२ शिलिंग. त्याच वर्षी आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने त्याचे मत नाकारले. समितीत फारही होता. १६ जून १८५८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, स्नो वारला.

१८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. साडेपाच हजारांहून अधिक लंडनकर मेले आणि त्यांतील बहुतेक शहराच्या एकाच कोपऱ्यात, पूर्वेला. फारने तक्ता मांडला. आता तो उंची पाहत नव्हता. तो पाहत होता नळ. सारे मृत्यू ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या हद्दीत गोळा झाले होते. कंपनीच्या अभियंत्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून ठणकावले की गेल्या कित्येक वर्षांत न गाळलेल्या पाण्याचा एक थेंबही आम्ही पुरवलेला नाही. त्यानंतर दोन ग्राहक पुढे आले. त्यांच्या घरच्या नळांतून जिवंत नदीत असतात तसले वाम मासे निघाले होते.